बाहुल्यांची वकिलात

सन १९२७च्या जानेवारीपासून पुढे काही आठवडे अमेरिकेहून योकोहामा बंदरास लागणाऱ्या आगबोटींतून जे पाहुणे जपानच्या भूमीवर उतरले, त्यांच्यापाशी आपापल्या नावाचे पारपत्र होते, प्रवासाचे तिकीट होते आणि यजमानांच्या नावे लिहिलेले पत्रही होते. मात्र स्वतःच्या पायांनी धक्क्यावर उतरणे त्यांच्यापैकी एकीलाही शक्य नव्हते, कारण त्या सगळ्या बाहुल्या होत्या. आडवे केले असता डोळे मिटणाऱ्या, कलते केले असता पोटातील यंत्राने ‘मामा’ असा आवाज काढणाऱ्या, भुसा आणि सरस यांच्या लगद्याचे मस्तक व कापडाचे अंग असलेल्या या बाहुल्यांची एकूण संख्या १२,७३९ भरली. अमेरिकेतील रविवारच्या शाळा, मुलींची पथके आणि प्राथमिक वर्ग यांनी त्या जपानी मुलांकरिता पाठविल्या होत्या. परक्या देशाची ओळख बालकांना करून देण्याचे जे अनेक प्रयत्न गेल्या शतकात झाले, त्यांत हा प्रयत्न आकाराने तर मोठा होताच. परंतु त्याची हकिकत सांगण्यासारखी वाटते ती त्याच्या पुढच्या दैवगतीमुळे.

या उपक्रमाच्या मुळाशी एक कायदा होता, आणि त्या कायद्याच्याही मुळाशी, योगायोगाने म्हणा किंवा नियमाने म्हणा, शाळेत जाणारी मुलेच होती. एप्रिल १९०६च्या भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने सॅन फ्रान्सिस्को शहर बेचिराख झाल्यावर, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तेथील शिक्षणमंडळाने असा ठराव केला की, जपानी विद्यार्थ्यांनी यापुढे गोऱ्या मुलांच्या पंक्तीस न बसता पौर्वात्यांसाठी राखून ठेवलेल्या निराळ्या शाळेत जावे. ही मुले सारी मिळून ९३ होती. पण आदल्याच वर्षी रशियासारख्या बलाढ्य साम्राज्याचा पराभव केलेल्या जपानला हा अवमान सहन होण्यासारखा नव्हता. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मध्ये पडून असा समेट घडविला की, शिक्षणमंडळाने आपला ठराव मागे घ्यावा आणि त्याच्या मोबदल्यात जपान सरकारने अमेरिकेस जाऊ इच्छिणाऱ्या मजुरांस पारपत्रे देणे आपण होऊन बंद करावे. थोडक्यात, शाळेचा दरवाजा उघडा राहावा म्हणून बंदराचा दरवाजा लोटून घेण्यात आला. तो पुढे पुरता बंदही झाला. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने जपान्यांना शेतजमीन खरेदी करण्यास मज्जाव केला, १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जपानी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होण्यास अपात्र ठरविला, आणि १९२४च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने नागरिकत्वास अपात्र अशा सर्वांनाच कायमच्या वसाहतीसाठी प्रवेश नाकारला. युरोपीय देशांना लागू केलेल्या कोष्टकात जपानला बसविले असते, तर वर्षाकाठी दीडशेच्याही आत माणसे आली असती; एवढ्या क्षुल्लक संख्येसाठी एका मानी राष्ट्राला डिवचण्यात कोणता राजकीय शहाणपणा होता, हे सांगणे कठीण आहे. अमेरिकेतील जपानी राजदूत हानिहारा यांनी ‘गंभीर परिणामां’चा इशारा देणारा खलिता धाडला, आणि सेनेटने त्यातील त्या दोन शब्दांनाच धमकी मानून उलट अधिक त्वेषाने कायदा पसार केला. हिंदुस्थानच्या रहिवाशांवर हा प्रसंग १९१७ मध्येच येऊन गेला होता आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्यांच्या नागरिकत्वाची वाटही बंद झाली होती. फरक इतकाच की, त्याविरुद्ध खलिता धाडणारी स्वतःची वकिलात तेव्हा हिंदुस्थानापाशी नव्हती.

या सर्व प्रकाराने ज्यांना मनस्वी खेद झाला, त्यांपैकी सिडनी ल्यूइस ग्यूलिक हे एक गृहस्थ होते. मिशनऱ्यांच्या कुळात १८६० साली जन्मलेल्या ग्यूलिक यांनी १८८८ पासून पंचवीस वर्षे जपानमध्ये काढली, क्योतोच्या दोशिशा या विद्यालयात अध्यापन केले आणि तेथील भाषा आत्मसात केली. १९१३ साली स्वदेशी परतल्यावर आपल्या देशबांधवांचा जपान्यांविषयीचा पूर्वग्रह दूर करण्यासाठी त्यांनी ग्रंथ लिहिले, व्याख्याने दिली, कायदेमंडळाच्या समित्यांपुढे साक्षी दिल्या. आणि या सर्व खटाटोपाचे फळ म्हणून जपानचा हस्तक अशी पदवी पदरात पाडून घेतली. १९२४च्या कायद्याने त्यांचा दहा वर्षांचा उद्योग धुळीस मिळविला. तेव्हा प्रौढांचा नाद सोडून त्यांनी मुलांकडे मोर्चा वळविला. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या मध्यवर्ती परिषदेच्या आश्रयाने १९२६ मध्ये बालकांच्या विश्वमैत्रीसाठी एक समिती स्थापन झाली आणि ग्यूलिक तिचे सूत्रधार झाले. आजची दहा वर्षांची मुले उद्या मतदार होतील आणि बालपणी जडलेला स्नेह त्यांना वाईट कायदे रद्द करण्याची बुद्धी देईल, ही त्यांची मीमांसा मला भाबडी वाटते, कारण मतदार होईपर्यंतची जी दहाबारा वर्षे मध्ये जातात त्यांत जग स्वस्थ बसून राहत नाही. परंतु साधनाची निवड करताना मात्र पंचवीस वर्षांचा जपानी सहवास त्यांच्या कामी आला.

मार्च महिन्याच्या तिसऱ्या दिवशी जपानमध्ये मुलींचा जो ‘हिना मात्सुरी’ नावाचा उत्सव होतो, त्याची कल्पना महाराष्ट्रीय वाचकाला चैत्रागौरीच्या आराशीवरून सहज करता येईल. तेथेही पायऱ्यापायऱ्यांची उतरंड मांडून तिच्यावर तांबडे वस्त्र अंथरतात. सर्वांत वरच्या पायरीवर राजदरबारी वेषातील सम्राट आणि सम्राज्ञी, त्यांच्याखाली तीन दासी, त्यांच्याखाली पाच वादक आणि असेच क्रमाने मंत्री व सेवक बसवितात. पीचची फुले आणि तांदळाच्या पिठाचे रंगीत, शंकरपाळ्याच्या आकाराचे पदार्थ पुढे ठेवतात. या बाहुल्या खेळण्यासाठी नसतात. त्या घराण्याची ठेव म्हणून आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे येतात, आणि उत्सव आटोपताच त्या लगोलग पेटीत ठेवल्या नाहीत, तर घरातील मुलीचे लग्न लांबते, असा समज आहे. ज्या देशात बाहुलीला मानाचे आसन आहे तेथे बाहुली पाठविली, तर ती खेळणे म्हणून न जाता पाहुणी म्हणून जाईल, हे ग्यूलिक यांनी अचूक ताडले.

म्हणून त्यांनी पाठविण्याची पद्धतही पाहुणीला साजेशी ठरविली. समितीच्या पत्रकांत बाहुली कशी असावी याचे नियम तपशीलवार दिले होते: किंमत सुमारे तीन डॉलर, नवी कोरी, डोळे मिटणारी, आवाज काढणारी, कपडे साधे पण नीट शिवलेले आणि काढघाल करता येण्याजोगे. मुलींनी वर्गणी जमवून बाहुली आणावी, तिचे कपडे आपल्या हातांनी शिवावेत, तिला नाव द्यावे, तिच्यासोबत पत्र लिहावे, आणि समितीकडे किरकोळ शुल्क भरून तिचा परवाना व तिकीट काढावे. निघण्यापूर्वी गावोगावी निरोपाचे समारंभ झाले, चहापान झाले, आयांनी व शिक्षिकांनी जपानविषयी चार गोष्टी सांगितल्या. परक्या देशाविषयीचे पाठ लहान मुले ऐकतात आणि विसरतात. पण ज्या बाहुलीच्या झग्याची काजे आपण स्वतः केली, ती जेथे जाणार त्या गावाचे नाव नकाशावर शोधल्यावाचून कोणती मुलगी राहील? शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने या उपक्रमातील खरी करामत येथेच होती.

पण याच ठिकाणी एक गोष्ट खटकतेही. या मुलींना सांगितला गेलेला जपान हा कागदी कंदिलांचा, साकुराच्या फुलांचा आणि रंगीबेरंगी किमोनोंचा जपान होता. कॅलिफोर्नियात आईबापांबरोबर शेतात टोमॅटो तोडणारी जपानी मुले त्या चित्रात कोठेच नव्हती. शेजारच्या परगण्यातील जपानी मुलीशी बोलण्यास पारपत्र लागले नसते. आणि ज्या देशाच्या माणसांना आपल्या बंदरात पाऊल ठेवण्यास मनाई होती, त्या देशात बाहुल्यांना मात्र रीतसर कागदपत्रे देऊन पाठविताना, त्या कागदपत्रांतील उपरोध कोणा मोठ्या माणसाच्या लक्षात आला असला, तरी त्याने तो मुलांपाशी काढला नाही.

जपानमध्ये या पाहुण्यांच्या स्वागताचा भार विकाउंट शिबुसावा एइइची यांनी उचलला. १८७३ साली देशातील पहिली आधुनिक पेढी उभारणारे आणि पुढे शेकडो कंपन्यांच्या स्थापनेस हातभार लावणारे हे वृद्ध उद्योगपती त्या वेळी ८६ वर्षांचे होते, आणि अमेरिकेशी बिघडलेले संबंध सुधारणे हेच त्यांनी उतारवयातील कार्य मानले होते. सम्राट ताइशो यांचे निधन डिसेंबर १९२६ मध्ये नुकतेच झालेले, देश सुतकात. तरीही ३ मार्च १९२७ रोजी तोक्योच्या युवकभवनात मोठा स्वागतसमारंभ झाला. नव्या सम्राटांच्या चिमुकल्या कन्येसाठीही एक बाहुली राजवाड्यात गेली, आणि उरलेल्या शिक्षणखात्यामार्फत देशभरातील प्राथमिक शाळांना व बालकमंदिरांना वाटून देण्यात आल्या. प्रत्येक शाळेत पुन्हा स्वागत, पुन्हा गाणी. निळ्या डोळ्यांच्या बाहुलीवरचे नोगुची उजो यांचे एक बालगीत १९२१ पासूनच घरोघरी गायिले जात होते. ते या पाहुण्यांना आयतेच लागू पडले. गंमत अशी की, त्या गीतातील बाहुली अमेरिकेत जन्मलेल्या सेल्युलॉइडची आहे, आणि त्या काळी अमेरिकेच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या मोठ्या संख्येने जपानी कारखान्यांतून तयार होऊन जात असत. शाळांनी या पाहुण्यांना काचेच्या कपाटात बसविले आणि प्रसंगविशेषी मुलांना त्यांचे दर्शन घडविले.

भेट आली म्हणजे परतभेट गेली पाहिजे, हा जपानी शिष्टाचार काटेकोर आहे. ज्या शाळांत बाहुल्या पोहोचल्या होत्या तेथील मुलींनी प्रत्येकी एक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, अशी वर्गणी द्यावी असे ठरले, आणि सुमारे पंचवीस लक्ष मुलींच्या एकेका सेनमधून जो निधी जमला त्यातून ५८ बाहुल्या घडविण्यात आल्या. प्रत्येकीची किंमत ३५० येन, म्हणजे तत्कालीन दराने दीडशे डॉलरांहून अधिक. तीन डॉलरांच्या भेटीला पन्नासपट मोलाचे उत्तर! त्यातही प्रेमापेक्षा मानापमानाचा हिशेब किती होता, हा प्रश्न मनात येतो खरा. पण त्या बाहुल्या समोर आल्या की तो प्रश्न मागे पडतो. किरी वृक्षाच्या लाकडाचा भुसा खळीत मळून मस्तक घडवावयाचे, त्यात काचेचे डोळे बसवावयाचे, मग कालवांच्या शिंपल्यांचे वस्त्रगाळ चूर्ण सरसात कालवून त्याचे पातळ हात एकावर एक इतके द्यावयाचे की डोळेसुद्धा त्याखाली झाकून जावेत. नाकाचा व ओठांचा उठाव त्या थरांतच साधावयाचा, आणि शेवटी धारदार पात्याने पापणीची रेघ कापून आतला डोळा उघडा करावयाचा. पाते केसभर इकडेतिकडे गेले की महिन्यांची मेहनत वाया. त्यावर खऱ्या केसांचा संभार, फुलाफांद्यांनी रंगविलेला रेशमी किमोनो, सोबत लाखेचे काम केलेल्या पेट्या, चहाची भांडी, कंदील आणि छत्र्या. उत्कृष्ट कारागीर निवडण्यासाठी स्पर्धा लावली होती आणि तीत हिराता गोयो हा तरुण पहिला आला. युद्धानंतर १९५५ मध्ये त्याच्या कलेला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. अडीच फुटांहून थोड्या अधिक उंचीच्या या बाहुल्यांना परगण्यांची, मोठ्या शहरांची आणि जपानच्या ताब्यातील वसाहतींची नावे दिली गेली, आणि त्यांच्या अग्रभागी संपूर्ण देशाच्या नावाची ‘मिस दाइ निप्पोन’ होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये, पारपत्रे घेऊनच, त्या सॅन फ्रान्सिस्कोस उतरल्या. ज्या शहराने ९३ मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याचा ठराव केला होता, त्याच शहरात त्यांचे स्वागत झाले.

पुढे कित्येक महिने या ५८ बाहुल्या अमेरिकेच्या शेकडो गावांतून फिरविण्यात आल्या, आणि या फेरीत त्यांच्या कागदपत्रांचा असा काही घोळ झाला की तो अजून पुरता निस्तरलेला नाही. ठिकठिकाणी पेट्यांतून काढून मांडणाऱ्या व पुन्हा भरणाऱ्या मंडळींना जपानी अक्षरओळख नव्हती. तेव्हा एकीची बैठक दुसरीखाली गेली, एकीचा लाखेचा डबा तिसरीच्या पेटीत पडला, आणि फेरी संपून प्रत्येकीला एकेका राज्याच्या संग्रहालयात कायमचा मुक्काम मिळाला तेव्हा कित्येकींचे नाव एक आणि मूळ परगणा दुसराच, अशी स्थिती झाली. नावाच्या पाटीवर विश्वास ठेवणाऱ्या संग्रहालयांना याचा पत्ता कित्येक वर्षे नव्हता.

समितीने पुढे मेक्सिकोच्या मुलांना दप्तरे आणि फिलिपाइन्सच्या मुलांना भेटींच्या पेट्या पाठविल्या. त्यांची कथा येथे आवश्यक नाही. जपानपुरते सांगावयाचे तर सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी सैन्याने मांचुरियात हात घातला आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच शिबुसावा निवर्तले. पाहुण्यांचे दोन्हीकडचे पालक हतबल झाले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले, तेव्हा १९२७ साली दहा वर्षांची असलेली मुले चोविशीची झाली होती. ग्यूलिक यांनी गणलेले मतदार ते हेच. त्यांच्यापैकी मुलगे आता दोन्ही बाजूंच्या लष्करात होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात उत्तरेकडील आओमोरी परगण्यातील बातमी छापून आली. तेथील एका शाळेत मुलांना विचारण्यात आले होते की, या निळ्या डोळ्यांच्या बाहुलीचे काय करावे. आणि मुलांनी फोडावी, जाळावी, समुद्रात टाकावी, अमेरिकेस परत धाडावी अशी उत्तरे दिली होती. त्यानंतर गावोगावी शाळांच्या आवारात या बाहुल्या जाळण्यात आल्या, आणि काही ठिकाणी तर मुलांच्या हाती बांबूचे भाले देऊन त्यांना भोसकावयास लावले गेले. हा केवळ युद्धज्वराचा परिणाम, असे म्हणून सोडून देता येण्यासारखी ही गोष्ट नाही. शाळांत अमेरिकन बनावटीच्या इतरही चीजवस्तू असतील. त्या साध्या वस्तूच राहिल्या. बाहुली मात्र सोळा वर्षांपूर्वी नाव, गाव, राष्ट्रीयत्व आणि शिक्क्याचा दाखला घेऊन आली होती, सभेत तिच्या नावाचा पुकारा झाला होता, आणि ज्या कागदाने तिला वस्तूची व्यक्ती केले होते त्याच कागदाने तिला आता शत्रुराष्ट्राची रहिवासी केले. ती नुसते खेळणे असती, तर कपाटात धूळ खात पडली असती आणि वाचली असती. स्वागताच्या दिवशी मुलांना जे शिकविले गेले तेच त्यांनी या वेळी नीट लक्षात ठेवले होते, हे कबूल करणे जड जाते.

अमेरिकेत जपानी बाहुल्या संग्रहालयांच्या तळघरांत गेल्या. त्या जाळल्या गेल्या नाहीत. पण तेथील नैतिक उंचीचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही, कारण बाहुल्या तळघरात जात असताना पॅसिफिक किनाऱ्यावरील जपानी वंशाची सव्वा लाखाच्या आसपास माणसे, त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेली, फेब्रुवारी १९४२च्या हुकुमान्वये घरेदारे सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत नेली जात होती.

तरीही जपानमधील सगळ्याच बाहुल्या नष्ट झाल्या नाहीत. कोठे एखाद्या शिक्षिकेने बाहुली कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली, कोठे मुख्याध्यापकांनी ती फळीमागे किंवा जमिनीखाली दडविली, आणि तोंडातून अक्षर काढले नाही. शत्रूला आश्रय दिल्याचा आरोप अंगावर येण्याची भीती असताना हे करणे सोपे नव्हते. युद्ध संपल्यावरही बरीच वर्षे या गोष्टीचा कोणी उच्चार केला नाही. १९७३ मध्ये जपानी आकाशवाणीच्या दूरचित्रवाणी विभागाने अशाच एका वाचलेल्या बाहुलीवर कार्यक्रम दाखविला, आणि मग ठिकठिकाणच्या शाळा जुन्या पेट्या उघडून पाहू लागल्या. आजवर तीनशेहून अधिक बाहुल्या सापडल्या आहेत. बारा हजार सातशेंतून तीनशे.

ग्यूलिक हे १९४५च्या अखेरीस वारले. ज्या कायद्याविरुद्ध त्यांनी हयात घालविली तो १९५२ मध्ये बदलला आणि जपानला वर्षास १८५ माणसांचा वाटा मिळाला. बदलाची कारणे कोरियातील युद्ध, जपानशी झालेला तह आणि रशियाचे भय ही होती, बाहुल्यांचे नाव त्या चर्चेत निघाल्याचे दिसत नाही. त्यांच्याच नावाचा त्यांचा नातू, जो पेशाने गणिताचा प्राध्यापक होता, त्याने गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून पत्नीच्या साहाय्याने जपानच्या शाळांना पुन्हा बाहुल्या पाठविण्यास आरंभ केला. आणि तोक्योतील ज्या पेढीने १९२७ साली परतभेटीच्या बाहुल्यांचे काम अंगावर घेतले होते, त्याच योशितोकु पेढीकडे अमेरिकेतील संग्रहालये आपापली बाहुली दुरुस्तीसाठी धाडू लागली. तेथे किमोनो उतरवून, शिक्के व घडण तपासून, जुन्या छायाचित्रांशी रुजवात घालून कोणती बाहुली खरोखर कोणत्या परगण्याची याचा निर्णय केला जातो. काहींची नावे बदलली. काही संग्रहालयांनी मात्र खरे नाव कळल्यावरही दारावरची जुनी पाटी तशीच ठेवली आहे, कारण त्या गावच्या तीन पिढ्या त्या बाहुलीला त्याच नावाने ओळखत आल्या आहेत.